बंद मशीनवरचा आकडा

सोमवार, ५ जानेवारी १९८७

नोकरीचा पहिला दिवस! वसईजवळ वालीवच्या या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली मुलगी आजवर आली नव्हती. वॉचमनला वाटलं मी नवी टायपिस्ट, त्याने थेट वर ऑफिसात पाठवलं. मी हसले आणि खाली शॉपमध्ये, मशीनांच्या शेडमध्ये आले. घरून, नंदाखालहून, रोज येणं जमणार नाही, म्हणून पापडीला रिटामावशीकडे राहतेय. डब्यात तिने सुक्या बोंबलाची चटणी दिली होती. अर्धा शॉप वासाने गोळा झाला!

माझ्याकडे मोठा प्रेस आहे. एक गाडा पत्रा पुढे ढकलतो, वरून ठोका बसतो. गाड्याच्या दांड्याला शू-पॉलिशच्या डबीएवढा जर्मन एन्कोडर, गाडा किती सरकला ते मोजणारा. आत काचेची चकती, तिच्यावर हजार बारीक रेघा. चकती फिरली की रेघांमधून उजेड लुकलुकतो आणि काउंटरवर आकडा सरकतो. आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही, फक्त किती सरकलो तेवढं कळतं. वीज गेली की तेही विसरतो. म्हणून रोज सकाळी गाडा पार मागे न्यायचा आणि शून्यापासून सुरुवात करायची.

मॅनेजर साखळकर साहेब म्हणाले, हा काउंटर खोटं बोलतो, तेवढं बघ.

गुरुवार, ८ जानेवारी

सुरू करताच शून्य दिसायला हवं. चारही दिवस २३१७ दिसतंय. वायरी बदलल्या, काउंटरचं कार्ड बदललं. तरी २३१७.

ऑपरेटर ॲन्सेल्मकाका अर्नाळ्याचे. ते म्हणाले, "बाय, तो लुईसचा आकडा हाय. त्याला पुसनार कोन?" लुईस कोण, विचारलं, तर चहाला निघून गेले.

सोमवार, १२ जानेवारी

अपघाताचं रजिस्टर मिळालं. लुईस हा ॲन्सेल्मकाकांच्या आधीचा ऑपरेटर. ऑक्टोबरात अडकलेला पत्रा ओढायला तो आत वाकला, गाडा चालू झाला आणि त्याला प्रेसखाली घेऊन गेला. गाडा थांबला तेव्हा काउंटरवर २३१७ होतं. कारण: कामगाराची बेफिकिरी. खाली साखळकरांची सही.

मग मी पॅनल उघडलं. प्रेसच्या तोंडाशी उजेडाचा पडदा असतो. हात मध्ये आला की मशीन जागच्या जागी थांबायला हवं. त्या पडद्याच्या दोन टोकांमध्ये पिवळी तार जोडून तो मुका केलेला. तारेची टोकं नीट सोललेली, स्क्रू घट्ट आवळलेले. हे उंदराने केलं नाही. तार उपटून टाकली.

मंगळवार, १३ जानेवारी

तार परत जागेवर.

सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते शांतपणे म्हणाले, पडद्यामुळे मशीन दर दहा मिनिटांनी थांबतं, माल कसा निघणार? आणि लुईसला हात घालायला कोणी सांगितलं होतं? मी म्हटलं, तुम्ही. समोर पडदा लावून ठेवलात, म्हणजे मशीन थांबेल असंच त्याला सांगितलंत.

त्यांनी कागद पुढे केला. शनिवारी सरकारी इन्स्पेक्टर येणार. पडदा तपासला, ठीक आहे, अशी सही हवी. मी दिली नाही. मी दारातून बाहेर पडले तेव्हा ते हसत होते. ते हसणं मी विसरणार नाही.

बुधवार, १४ जानेवारी

लुईसची बायको कॅथरिन, रिटामावशीच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडेच राहते. गेले. तिने सांगितलं, लुईसने त्या तारेबद्दल साहेबांना तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, भीती वाटत असेल तर घरी बस.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मेला ते मेला. पण बेफिकीर म्हणतात ना त्याला, ते मला गिळवत नाही."

मलाही.

गुरुवार, १५ जानेवारी

तारेचे तुकडे केले. एन्कोडर दांड्यावरून काढून माझ्या टेबलावर ठेवला. आता तो कशालाच जोडलेला नाही, वायरीसुद्धा सोडवल्या आहेत. काउंटर चालू केला. २३१७.

मग २३१८. २३१९.

टेबलावर एन्कोडरची छोटी दांडी फिरत होती. आपोआप. चिमटीत धरली. कोमट होती, आणि तिने ओढ घेतली, मनगट सोडवून घ्यावं तशी—

शुक्रवार, १६ जानेवारी

मेन स्विच बंद. फ्यूज माझ्या खिशात. काउंटरवर लाल आकडे, चालू.

दुपारी गाडा बोटभर पुढे आला. ॲन्सेल्मकाकांनी कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला, डबा उचलला, घरी गेले.

साहेबांना सांगितलं, तिथे कोणी जाऊ नका. म्हणाले, डिप्लोमावाल्या मुली झुरळालाही घाबरतात.

ठीक. सांगून झालं.

शनिवार, १७ जानेवारी. सकाळचे अकरा.

इन्स्पेक्टर आलेत. मेन बंदच आहे, साहेब त्यांना दाखवतायत— लुईसने फक्त मेन बंद केलं असतं, तर हे असं, आरामात— बाही वर करून आत वाकलेत. खांद्यापर्यंत.

मी म्हटलं, बाहेर या. मोठ्याने म्हटलं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, ही लुईसच्या घरच्यांनी पेरलेली मुलगी.

स्टुलावर बसलेय. लिहितेय. आकडा पळतोय— गाडा सरकतोय, आवाज नाही, काहीच आवाज नाही. इन्स्पेक्टर चष्मा पुसतायत. कोणाचं लक्ष नाही. फक्त माझं.

एक हाक पुरे. तेवढीच. साहेब अजून हसतायत, आतून बोलतायत, बेफिकीर, म्हणतायत, बेफिकीर माणूस— मी हाक मारलेली नाही. का नाही— पेन खाली ठेवते आणि— ठेवते—

हात पेन सोडत नाही. माझाच आहे ना हा, कोमट— साहेब वळले. त्यांना दिसलं. माझ्याकडे बघतायत, तोंड उघडलंय, आणि मी अजून