जनीचा आवाज बसलेला नाय

जने,

काल कॅसेट ऐकून तू रडलीस. "ताई, माझा आवाजच बसला गं," म्हणालीस. बसलेला नाय. गाताना मीच मिक्सरवर तुझ्या माईकचा आवाज उतरवला आणि माझा चढवला. भजनाला जमलेल्या बाया तुझंच नाव घेतात, ते मला सोसवलं नाय.

आज मिक्सर आणि टेप, दोन्हीची बटणं नीट जुळवून ठेवलीत. त्यांना हात लावू नको. आधी दोन ओळी गाऊन बघ. टेपवरची आवाज दाखवणारी सुई तांबड्यात गेली तर आवाज फाटतो, मग माईकपासून जरा मागं सर. मग नव्या कॅसेटवर एकटीच गा.

मी कडावला मावशीकडं चाललेय, संध्याकाळी येईन. आमटी झाकून ठेवलीय. नवी कॅसेट मला इतक्यात ऐकवू नको.

हिरूताई