नामंजूर करावे, ही विनंती

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (सध्या कंबर धरली असल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली तीन बरं वाटलं की पाठवून देतो.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं ऐकायचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का, की न ऐकण्याचं सुख त्यांनाच सोडवत नाही? इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुझ्या कानावर काहीतरी आलंच असेल. आपल्या घराण्यात बातमी चालत जात नाही, पळत जाते. तर ती खरी आहे. विमा कंपनीतली नोकरी सोडून मी पंचेचाळिसाव्या वर्षी परदेशी शिकायला निघालो आहे. (आधी खुर्चीवर बस, मग पुढचं वाक्य वाच.) मुलांच्या खेळाची मैदानं कशी आखावीत, याचा दोन वर्षांचा अभ्यास आहे. झोपाळे, घसरगुंड्या, सीसॉ वगैरे. शेवटी पदवी मिळते. मीही दोनदा विचारून खात्री करून घेतली.

हे खूळ डोक्यात शिरलं कुठून, हा तुझा पुढचा प्रश्न. माझं काम तुला माहीत आहे. काही मोडलं, पडलं, जळलं की तिथे जायचं, चूक कोणाची ते ठरवायचं आणि बहुतेक वेळा खाली 'नामंजूर' लिहून परत यायचं. ऑफिसात मला नावानं कोणी हाक मारत नाही, 'नामंजूर साहेब' म्हणतात. चहावालासुद्धा! पण बागेतल्या मोडक्या झोपाळ्याचा क्लेम आला की माझा पाय तिथून निघत नसे. कडी झिजली होती एवढं लिहून झालं, की ती कडी खरं तर कशी बसवायला हवी होती, याचं मी चित्र काढायचो. पुढे पुढे अहवाल दोन ओळींचा आणि चित्रं चार पानांची, अशी गत झाली. साहेब म्हणायचे, "अहो, झोपाळा का पडला तेवढं सांगा. नवा झोपाळा कोणी मागितलाय?" मला मात्र नवा झोपाळाच सांगायचा असायचा. ताई, वीस वर्षं मी सगळं पडून झाल्यावर पोचतो आहे. एकदा तरी पडायच्या आधी पोचून बघावं, असं वाटतं.

पैसे आमच्या शिलकीतले. स्वयंपाकघराचं छत गळतं, त्याच्यासाठी थोडे होते, म्हातारपणासाठी थोडे होते, आणि बाकीचे नुसते 'असू देत' म्हणून होते. (आईनं आपल्याला शिकवलेलं सगळ्यात मोठं खर्चाचं खातं हेच.) हे सगळे जाणार. परत येईन तेव्हा हातात पदवी असेल आणि डोक्यावर तेच गळकं छत. सत्तेचाळीस वर्षांच्या नवशिक्याला दारात कोण उभं करील, हे विचारायला गेलो तर सगळे हवापाण्याच्या गप्पा मारतात.

आता तुझ्यापासून काय लपवायचं? कोणी ना कोणी मला अडवील, या भरवशावरच मी अर्ज केला होता. राजीनामा घेऊन साहेबांकडे गेलो, म्हटलं आता गळ घालतील. त्यांनी तो वाचला, उठून दोन्ही हातांनी माझा हात दाबला आणि विचारलं, तुमची चित्रंही घेऊन जाणार ना, कपाटात जरा जागा होईल. मुदत ठेव मोडायला बँकेत गेलो. तिथली बाई तरी चार समजुतीच्या गोष्टी सांगेल, पगार त्याचाच घेते. तर तिनं 'मोडायची? बरं' म्हणून पेन पुढे सरकवलं. विद्यापीठाच्या मुलाखतीला संगणकाच्या पडद्यावर एक प्राध्यापक आला, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. 'एवढ्या उशिरा का?' या प्रश्नाचं उत्तर मी आठवडाभर घोकलं होतं. त्या गृहस्थानं तो विचारलाच नाही. झोपाळ्यावर शेवटचे कधी बसला होता, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं, की तपासणीसाठी, कडी वजन पेलते का ते बघायला. तो खो खो हसला आणि मला प्रवेश दिला. डॉक्टरांनी तपासून हृदय अगदी जागेवर असल्याचं लिहून दिलं. मला तर ते घशाशी आल्यासारखं वाटत होतं.

शेवटची आशा तुझी भावजय. ती गणिताचे पेपर तपासत बसली होती. मी तिच्यासमोर सगळे फायदे-तोटे मांडले. (तोटे जरा जास्तच रंगवून.) लाल पेन खाली न ठेवता ती म्हणाली, "जा." मी म्हटलं, अगं, विचार तरी कर. म्हणाली, "तू बोलत होतास तेव्हाच केला. छताखाली बादली ठेवू. पण आणखी दोन वर्षं हेच ऐकायची माझ्यात ताकद नाही." जन्मभर मी लोकांना नामंजूर करत आलो ताई, आणि माझ्या वेळेला एकसुद्धा मायेचा पूत नामंजूर म्हणेना! माझी पाचावर धारण बसली आहे.

त्यात भर म्हणून कंबर. विद्यापीठानं कळवलं, येताना तुमच्याकडच्या एखाद्या मैदानाची मापं घेऊन या. भर दुपारी, पोरं नसताना, टेप घेऊन बागेत गेलो. तिथे एक नळीची बंद घसरगुंडी आहे, वरून शिरायचं आणि वळण घेऊन खाली निघायचं. त्या वळणाचं माप बाहेरून मिळेना, म्हणून आत शिरलो. वळणापर्यंत मी गेलो. वळणात मात्र फक्त माझे पाय गेले. पोट नाही म्हणालं. (बघ, नाही म्हणणारं एकच निघालं आणि तेही नको तिथे.) हात वर, टेप गळ्याभोवती, अशा स्थितीत मी किती वेळ होतो देव जाणे. शेवटी खालच्या तोंडाशी रखवालदाराचं डोकं आलं. त्यानं माझ्या बुटांकडे बघून विचारलं, "साहेब, वर जायचंय की खाली यायचंय, ते एकदा ठरवा. मधे बसायला परवानगी नाही."

ताई, खरं सांगतो, मलाही कोणाला तरी तेच विचारायचं होतं.

ते उत्तर माझ्या वतीनं चार वर्षांच्या एका बाईंनी दिलं. त्या वरून सुसाट आल्या आणि माझ्या टाळक्यावर आदळल्या, आणि आम्ही दोघं एकदमच वाळूत येऊन पडलो. बाई टाळ्या पिटत पुन्हा शिडीकडे पळाल्या. मी सवयीनं पडल्या पडल्याच चूक कोणाची ते ठरवून टाकलं. वयाचा विचार न करता केलेलं धाडस, भरपाई नाही. रखवालदाराचंही तेच मत पडलं.

तेव्हापासून पाठ शेकत पडून आहे आणि मला भीती वाटते. तिथल्या वर्गात सगळे तुझ्या पोरांच्या वयाचे असतील. आजारी पडलो तर पाणी विचारायला कोणी नसेल. आणि दोन वर्षांनी समजा मला हे जमलंच नाही, तर तुझ्या भावजयीनं गळक्या छताखाली काढलेली वर्षं मी कुठून भरून देऊ? हे मी तिला बोललो नाही, तुला लिहितो आहे.

भाऊजींना नमस्कार सांग. (मोठ्यानं.) पोरांना माझ्याकडून एकेक धपाटा. कळावे.

तुझा, अजून वळणातच असलेला,
धाकटा

ता.क. आता खरं काम. तू मला 'नाही' म्हण. आपल्या घरात तो मान तुझाच. सायकलला तू नाही म्हणालीस, पोहायला नाही म्हणालीस, मिशीलाही नाही म्हणालीस, आणि मी दर वेळी बाहेरून कुरकुर करत आणि आतून हुश्श करत ऐकलं. चारच ओळी लिही. 'खुळ्या, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं हे वय का?' एवढंही पुरे. फी महिनाअखेर भरायची आहे. त्याआधी पत्र आलं, तर मला चारचौघांत सांगता येईल, की माझी फार इच्छा होती हो, पण ताई ऐकेना.

ता.क. दुसरा. पाकीट शोधायला उठलो, तर तुझी भावजय पाठीमागेच उभी. तिनं सगळं वाचलं होतं. फोन घेतला, फी भरून टाकली, पावती मला दाखवली आणि म्हणाली, "हं, आता लिही ताईंना निवांत." मग स्वयंपाकघरात जाऊन बादली रिकामी करून आली.

ता.क. शेवटचा. तरीसुद्धा ते 'नाही'चं पत्र तू पाठवच. आपल्या शाळेमागची घसरगुंडी आठवते? मी वर जाऊन बसलो की तू खालून ओरडायचीस, "उतर, पडशील!" आणि ओरडता ओरडता दोन्ही हात पसरून उभीही राहायचीस. माझे डोळे गच्च मिटलेले असायचे ताई, मी तुझ्या आवाजाच्या रोखानंच खाली यायचो. या वेळी जरा मोठ्यांदा ओरड. अंतर बरंच आहे.