मधलीची किल्ली

सोमवार, ३ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

मावशीच्या किल्ल्यांच्या दुकानात कामाला लागून मला दोन महिने झाले आणि एकाही बोटाचं टोक शाबूत नाही. लक्ष जरा भलतीकडे गेलं की कानस आधी आपलंच बोट खाते. तू म्हणशील, ताई पहिल्यापासून धांदरटच. म्हण बापडा.

एक गंमत सांगते, पण आईला सांगू नकोस. आपली मधली अपघातात गेल्यापासून तिच्यापुढे हे विषय नकोत. आमच्याकडे मेलेली माणसंही येतात. भर दुपारी, रीतसर रांगेत. मावशी म्हणते, गिऱ्हाईक असून ज्याला घाई नाही, ते मेलेलं समजावं. कुणाला ट्रंकेची किल्ली हवी असते, कुणाला कपाटाची. आत काय राहिलंय ते एकदा बघायचं असतं त्यांना. मावशी तेवढं करून देते. घराच्या दाराची किल्ली मात्र ती मेली तरी करणार नाही. मेलेलं माणूस घरात शिरलं की एकटं परत जात नाही, घरातलं कुणीतरी सोबत घेऊनच जातं. पहिल्या दिवशी हे ऐकून माझी बोबडी वळली होती. आता मी त्यांना बसायला स्टूल देते.

अभ्यास कर, आईला जप आणि उत्तर लिहायला आळस करू नकोस.

तुझी,
ताई

शनिवार, ८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी खूप हसलो. थापा मारण्यात तुझा हात कोण धरणार! आता मात्र हसू येत नाही.

गेले तीन दिवस मी शाळेतून येऊन जेवायला बसलो की बाहेरून कुणीतरी दाराच्या कुलपात किल्ली फिरवतं. खट् करून कुलूप उघडतं. आतून कडी असते म्हणून दार उघडत नाही. मी भोकातून पाहिलं, तर जिन्यात कुणीच नव्हतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, उंदीर असतील. उंदराकडे किल्ली कुठून येणार, ताई?

कुलूप बदलू या म्हटलं, तर आई उठून भांडी घासायला गेली. काल तिने मधलीच्या पलंगावर धुतलेली चादर घातली. आज दाराला कान लावून बसली होती. विचारलं, तर म्हणाली, गुडघे दुखत होते म्हणून जरा टेकले. मला फार भीती वाटते. चिडवू नकोस. ये, नाहीतर लगेच लिही.

तुझा (बहुतेक वेळा) आज्ञाधारक,
बारक्या

मंगळवार, ११ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

हे पत्र तिकडे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती देते आहे. चूक माझी आहे. चार तारखेला मावशी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. एक म्हातारे गृहस्थ वाकडी, गंजलेली किल्ली घेऊन आले. शेजारच्या मुलीची ट्रंक उघडत नाही, ती सारखी रडते, म्हणाले. त्यांना घाई नव्हती, त्यामुळे ते कोण हे मला कळलं होतं. ट्रंकेचीच तर आहे म्हणून मी नवी करून दिली. जुनी ते टाकूनच गेले.

तुझं पत्र वाचल्यावर मी ती रॉकेलमध्ये बुडवून घासली. तिसरा दाता नको तितका खोल निघाला. बारक्या, तो मीच बिघडवलेला. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत शिकायला आले होते, तेव्हा मी केलेली ती पहिली किल्ली. मधलीसाठी, आपल्या घराच्या दाराची केली होती. अपघाताच्या दिवशी तिच्या खिशात होती. म्हाताऱ्यांची ती रडणारी शेजारीण म्हणजे आपली मधलीच.

मावशीला सांगितलं, तर ती ओरडली नाही, गिऱ्हाईकं रांगेत असताना तिने दुकानच बंद केलं. त्यानेच मी जास्त घाबरले. मधलीचा तुझ्यावर जीव होता, ती तुलाच नेईल, असं मावशी म्हणते. मधलीच्या मनात वाईट नाही रे, पण तिला एकटीला परत जाताच येणार नाही. कडी काढू नकोस. ती तिच्याच आवाजात हाक मारेल, रडेलही. ओ देऊ नकोस. मेलेल्यांना न उघडणारं कुलूप आम्ही घडवतो आहोत. दोन दिवस लागतील. गुरुवारी निघतो.

जीव मुठीत धरून बसलेली,
ताई

बुधवार, १२ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

बारक्या शाळेत होता, म्हणून ड्रायव्हरने पत्र माझ्या हातात दिलं आणि मी ते फोडलं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे मीच तुम्हाला शिकवलं, मला माफ कर. तीनदा वाचलं.

आठवडाभर मधली मला दाराबाहेरून सांगते आहे, पाय दुखतात, आत घे. बारक्याला अजून नुसतं कुलूपच ऐकू येतं. ज्या दिवशी तिचं रडणं ऐकू येईल, त्या दिवशी तो तुझं काही ऐकणार नाही. लहानपणापासून तिचं रडणं त्याला बघवत नाही. कुलूप बदललंत तरी ती जिन्यातच बसून राहील. मी किती दिवस ऐकू?

बारक्याला शाळेतून घेऊन आले आहे. याच ड्रायव्हरच्या परतीच्या गाडीत बसवून तुमच्याकडे पाठवते, सोबत हे पत्र. तो गेला की मी कडी काढणार आहे. तिला कुणाला तरी न्यावंच लागणार असेल, तर मी आहे. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण पंधरा वर्षांची पोर तिथे एकटी आहे, गं. तुम्हा दोघांना एकमेकं आहेत आणि मावशी आहे. तिला कोण आहे?

किल्ली तू केलीस, हे मनाला लावून घेऊ नकोस. दार मी उघडते आहे. तुम्हा तिघांवर माझा सारखाच जीव होता, आहे, आणि तिकडे गेल्यावरही असेल.

चार दिवस मावशीकडे राहून ये, एवढंच बारक्याला सांगितलंय. गाडीत त्याला मळमळतं, उतरल्या उतरल्या बोलायला लावू नकोस. आई कधी येणार म्हणून विचारेल. आधी जेवू घाल, मग सांग.

तुमची,
आई