संस्कृतीच्या स्थळांची मतमोजणी

पणदरे,
मंगळवार, डेअरीला दूध घालून आल्यावर

चिरंजीव बिरदेव यास थोरल्या बहिणीचा, म्हंजे द्वारकाअक्काचा, आशीर्वाद. गुडघं कसं हायत? मागल्या खेपेला दिलेलं तेल लावतोस, का बाटली तशीच खुंटीला टांगलीयस? शेरडं बरी असतील. मोरगावात पाऊस झाला का ते इचारत न्हाय; झाला असता तर तूच चार गावांना सांगत सुटला असतास. आमी हितं खुशाल. (तुझ्या दाजींना आता ऐकू येत न्हाय, पण ते त्यांच्या फायद्याचंच पडलंय.) फोन केला असता, पण फोन लावला की धाकटी सून रेश्मा तो स्पीकरवर टाकती. म्हणून हा कागद. चौथीपर्यंतचं अक्षर हाय, गोड मानून घे.

तर, थोरल्या विजयसिंहाची लेक संस्कृती बारामतीला एम.ए. करतीय. कुठल्या देशात मतं कशी घालतात, पक्ष किती, ते फुटतात कशे, असलं शिकती. एक वर्ष झालं, एक राहिलंय, मग प्राध्यापकीची परीक्षा. आणि आमच्या मंडळींना तिच्या लग्नाची घाई आत्ताच. मला शिक्षणाचा पुळका न्हाय. पण अर्धी भाकरी भाजून तवा उतरवायचा होता तर पीठ कशाला मळलं?

स्थळं तीन. इंदापूरकडचा पंधरा एकर ऊसवाला, तो विजयसिंहाचा. लोणी देवकरच्या कारखान्यात सुपरवायझर, तो रेश्माच्या माहेरचा. आणि पुण्याचा कॉम्प्युटरवाला, तो धाकट्या संभाजीनं आणलेला. (नवरा-बायकोचे दोन उमेदवार. संस्कृती म्हणती, अमेरिकेत दोनच पक्षांवर सगळा देश चालतो. आमच्या घरात माणसं दहा आणि पक्ष अकरा, कारण दाजी सकाळी एकात असतात, जेवल्यावर दुसऱ्यात.) शिवाय मुबीन मंडपवाला रोज चहाला येऊन बसायचा. तो कुठल्या पक्षाचा, म्हणून मी पोरीला इचारलं. ती म्हणाली, तो पक्ष न्हाय, दबावगट हाय. पक्षाला सत्ता पायजे असती. दबावगटाला सत्तेवर कुणीबी चालतं, आपलं काम झालं म्हंजे बास. खरंय. मुबीनला नवरा कुणीबी चालत होता, फक्त मंडप वैशाखात पायजे होता.

भांडणं लई झाली, तवा मीच म्हनलं, मतं घ्या. मला वाटलं, तीन तोंडं तीन दिशेला, निकालच लागायचा न्हाय. सगळ्यांनी बेलभंडारा उचलून कबूल केलं, की निवडून येईल त्याच्याच दारात जायचं. मतदार आमी नऊ : मी, दाजी, दोन लेक, दोन सुना, नातू ऋषिराज, दीर आणि जाऊ. जिचं लगीन तिला मत न्हाय, म्हणून तिला मोजणीला बसवली.

हात वर केले. ऊसवाल्याला चार, सुपरवायझरला तीन, पुण्याला दोन. विजयसिंह पेढे आणायला उठला, तर पोरगी म्हणाली, बसा. ही विलायतेची रीत, आपण तीच उचलली. पाच जणांना नको असलेला माणूस हिच्यात निवडून येतो. फ्रान्सात असं झालं तर वरचे दोघं परत लढतात. लगेच संभाजीच्या दोन मतांचा भाव वाढला, पाठिंब्याच्या बदल्यात ऊसतोड आधी माझ्या रानात, असं थोरल्याला म्हणाला. रेश्मानं त्याचा चहा बंद केला. मग जर्मनी निघाली. तितं जेवढी मतं तेवढ्या जागा. दाजींना नेमकं हेच ऐकू आलं. म्हणाले, मग पोरगी चार महिने इंदापूरला, तीन लोणी देवकरला आणि दोन पुण्याला ठेवायची का? आणि उरलेले तीन महिने माहेरी? (ऑस्ट्रेलियात मत न घालणाऱ्याला दंड करतात. त्या कायद्यानं दाजींची तंबाखू एक दिवस जप्त केली, कारण हात वर करून ते झोपले होते.)

शेवटी स्लोव्हेनिया म्हणून कुठलासा देश हाय, तितं दोन आमदार अशे निवडतात, की प्रत्येकानं सगळ्या उमेदवारांना नंबर घालायचे. पहिल्याला चार गुण, दुसऱ्याला तीन, मग दोन, मग एक. हे सगळ्यांना पटलं. तवाच मला अक्कल सुचली. आपल्याकडं डमी अर्ज भरतात ना, तसा मी चौथा उमेदवार उभा केला. कुणी मत देणार न्हाय असा, पण तिघांचे थोडे थोडे गुण खाईल, तिघं सारखेच पडतील आणि विषय पुढल्या सालावर जाईल असा. कोरडवाहू सहा एकर आणि चाळीस शेरडं असलेला.

व्हय, तुझाच नातू युवराज.

पहिला नंबर ज्यानं त्यानं आपल्याच माणसाला दिला. मी युवराजला दिला, डमीचं डिपॉझिट जाऊ नये म्हणून. पण दुसरा नंबर द्यायची पाळी आली आणि आमची जात दिसली. दुसऱ्याच्या माणसाला तीन गुण द्यायचे म्हंजे पोटात दुखणारच. मग काय, आठच्या आठ जणांनी दुसरा नंबर युवराजला. गरीब पोरगं, येतंय कशाला निवडून, आणि म्हातारीच्या माहेरचं, तेवढंच तिचं तोंड बंद. युवराजला अठ्ठावीस गुण, ऊसवाल्याला बावीस, बाकी दोघांना वीस वीस.

विजयसिंहानं गुण परत एकदा मोजून बघितले. म्हणाला, "आई, ह्याला उभा कुणी केला?"

मी म्हनलं, "उभा कुणीबी करू दे. निवडून तुमी आणलाय."

भंडारा उचललेला, मागं फिरता येत न्हाय. येत्या रविवारी आमची सगळी मंडळी तुझ्या दारात येणार. जेवण साधंच कर. दाजींना वांगं घालू नको. वैनीला आणि लेकरांना आशीर्वाद.

तुझी,
द्वारकाअक्का

ता. क. — आता कामाचं. बेल्जियम नावाचा देश हाय. तितं एकदा निकाल लागला आणि पुढं दीड वर्ष नुसती बोलणीच चालली. सरकार बसलं न्हाय, पण कुणी उपाशी मेलं न्हाय. बिरदेवा, तू दीड वर्ष बेल्जियम हो. रविवारी न्हाय म्हणू नको आणि व्हय पण म्हणू नको. आधी पत्रिका माग. मग ती शेरडानं खाल्ली म्हण. मग भावकीतल्या कुणाचं तरी सुतक काढ; तुमची भावकी मोठी हाय, माणूस मिळंल. तवर पोरगी परीक्षेला बसती.

ता. ता. क. — युवराजला ह्यातलं काही सांगू नको, उगा नवे कपडे शिवायला टाकील. मधल्या काळात त्याचं दुसरीकडं जमलं तर जमू दे, पण मला महिनाभर आधी कळव. मला दुसरा डमी बघावा लागंल, आणि ह्या खेपेला विधुर बघीन म्हणते.