चौथ्या ठाण्याचं पाणी

२ फेब्रुवारी

आले एकदाची. दोन ट्रंका, एक गादी, शिवणाचं मशीन आणि मी, एवढा लवाजमा ठकीने स्टेशनवरून उचलून आणला. वाटेत तीनदा विचारून झालं, मावशी, मशीन कशाला, तंबू शिवणार आहेस का. ठकी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. चौतीस वर्षांची डॉक्टर आहे, लोक तिच्यासाठी ताटकळत बसतात, पण मला ती अजून सुट्टीत येऊन माझ्या पदराला नाक पुसणारीच दिसते. बहीण गेल्यापासून तर माझीच आहे म्हणायची.

ही नोकरी तिच्याच वशिल्याची. साठी उलटल्यावर नव्याने नोकरीला लागणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच असेन. ऑफिस खाली आणि माझी खोली वर. लोखंडी कॉट, भिंतीतलं बेसिन, आणि पाणी सोडण्याआधी म्हाताऱ्यासारखा खोकणारा नळ. खिडकीतून मागचं अंगण दिसतं, अंगणात पत्र्याची कोठीची खोली. मशीन खिडकीपाशी ठेवलं. छान वाटतंय.

४ फेब्रुवारी

ऑफिस म्हणजे एक लांबलचक टेबल, भोवती खुर्च्या, भिंतीवर नकाशा आणि कोपऱ्यात दोर, काळे चष्मे, जाड तळव्यांचे बूट यांचा ढीग. मोहिमेला पाच जण जाणार. ज्वालामुखीचं वाळवंट, समुद्राच्या पातळीच्याही खाली. दगडवाले सर (ते दगडांचे प्राध्यापक आहेत, पण त्यांना सगळे असंच म्हणतात) सांगत होते की तिथे बुटांचा डिंक वितळून तळवे मागे राहतात, मैलच्या मैल नुसतं मीठ, पुढे काळे धारदार खडक, आणि टोकाला एक विवर, त्यात तापलेला रस कायम उकळत असतो. ते पाहायला माणसं आपणहून जातात, याचं मला नवल वाटलं. आचारी म्हणाला, तिथे अंडं दगडावर फोडलं की झालं, मला कशाला नेताय. सर म्हणाले, अंडी उचलायला.

फोटोवाला अबोल आहे. मोहिमेच्या प्रमुखाला सगळे कप्तान म्हणतात, कॉलेजात हॉकी खेळायचे तेव्हापासून. पाचवी आमची ठकी.

सगळी भिस्त पाण्यावर. वाटेत चार ठिकाणी आधीच पाण्याचे कॅन ठेवायचे, त्यांना ठाणी म्हणतात. तिसऱ्या ठाण्यापर्यंत गाडी जाते. तिथून चौथ्यापर्यंत दोन दिवस पायी, खडकांतून. चौथ्याला गाडीने जायचं तर लांबचा वळसा आहे, आणि तो रस्ताही रस्ता म्हणण्यासारखा नाही. ड्रायव्हर आत्ता तीच ठाणी भरायला गेलाय.

माझं काम या सगळ्याची पक्की प्रत लिहिणं. पाच प्रती, प्रत्येकाच्या खिशात एक. घामाने प्रिंटरची शाई फुटते म्हणून न पुसणाऱ्या शाईने, हाताने, कापड चिकटवलेल्या कागदावर. ठकीने कप्तानांना सांगितलंय की आमच्या मावशीसारखं अक्षर छापखान्यातही मिळायचं नाही.

७ फेब्रुवारी

तीन प्रती झाल्या. लिहिताना मिशनच्या शाळेची फार आठवण येते. पक्क्या वहीत खाडाखोड सिस्टरना चालत नसे. तिसरीत माझ्या पानावर शाईचा डाग पडला, तर वही उघडी धरून मला वर्गाच्या दारात उभं केलं होतं, आणि वरच्या वर्गातल्या मुली ओळीने बघत गेल्या. तरी सिस्टरवर माझा राग नाही. त्यांच्या बाह्यांना साबणाचा आणि खडूचा वास यायचा. त्यांनी लावलेलं वळण आज या वयात उपयोगी पडतंय.

चारला सगळे टेबलाशी चहाला जमतात. आचारी मला मुद्दाम कपाच्या काठापर्यंत भरून देतो. सगळेच आता मावशी म्हणतात.

९ फेब्रुवारी

आज पाचवी प्रत पूर्ण होत असतानाच ड्रायव्हर आला. धुळीने माखलेला, घाईत, मुलगी बाळंतपणाला आलेली म्हणून लगेच गावी निघालेला. दारातूनच म्हणाला की पहिली तिन्ही ठाणी भरली, पण चौथ्याला पोचताच आलं नाही, खडकांनी दोन टायर फाडले. तिथले चौदा कॅन परत आणून कोठीत ठेवलेत. एवढं कप्तानसाहेबांना सांगा, म्हणाला, आणि कोठीची किल्ली माझ्यासमोर ठेवून गेला. मी हो म्हटलं. हातात पेन होतं.

चहाच्या वेळी सांगणारच होते. पण माझ्या आधी कप्तानांनी पाचही प्रती टेबलावर मांडल्या. सगळे उठून माझ्या मागे उभे राहिले. फोटोवाल्याने चक्क प्रतींचा फोटो काढला. ठकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पाचही प्रतींवर ‘चौथे ठाणे, कॅन १४’ असं स्वच्छ, ठळक लिहिलेलं. आता त्यावर रेघ मारायची, पाचही ठिकाणी, सगळ्यांच्या देखत.

उद्या सांगेन. चौथ्याचं पान पुन्हा लिहून काढेन, म्हणजे प्रश्नच नाही.

१२ फेब्रुवारी

कप्तान दोन दिवस परवानग्यांसाठी बाहेर होते. आज आले ते खुशीत. माझी प्रत उघडून सगळ्यांना म्हणाले, चौथ्याला चौदा कॅन आहेत, मग तिसऱ्यापासून नेमकं दोन दिवसांचंच पाणी पाठीवर घ्यायचं. ओझं निम्मं होईल. दगडवाले सर म्हणाले, माझ्या गुडघ्यांतर्फे मावशींचे आभार.

मी तोंड उघडलं होतं. पण आता नुसतं चुकलं म्हणून भागणार नव्हतं. तीन दिवस का सांगितलं नाहीत, असं विचारलं असतं. ठकीने खाली मान घातली असती, हिची मावशी म्हणून. मी कपबशा गोळा केल्या.

जाणार आहेत वीस तारखेला. वेळ आहे.

१३ फेब्रुवारी

आज एक विचित्रच पाहिलं. चहा पिताना ठकीचे ओठ फुटलेले दिसले, पांढरे, भेगाळलेले, कोपऱ्यात वाळलेलं रक्त. मलई लाव म्हटलं तर हसून आरशात बघून आली, म्हणाली, मावशी, चष्म्याचा नंबर काढून घे. बाकी कोणालाच काही दिसलं नव्हतं.

सगळे गेल्यावर टेबल पुसलं. पाच खुर्च्यांवर पांढरे डाग होते, बसल्या माणसाच्या आकाराचे. बोट लावून जिभेला लावलं. मीठ.

१४ फेब्रुवारी

खुर्च्या काल घासून पुसल्या होत्या. आज पुन्हा मीठ. माझ्या खुर्चीवर नाही.

१५ फेब्रुवारी

आचाऱ्याने कोठीची किल्ली मागितली, मोठं पातेलं हवं होतं. मी म्हटलं, बसा हो, मीच आणते, तिथे पाल आहे. आयुष्यात इतक्या सहज खोटं बोलले नव्हते. बिचारा म्हणाला, मावशी, पालीला मी भितो हे तुम्हाला कोणी सांगितलं.

कोठीत चौदा कॅन ताडपत्रीखाली ओळीने होते. पातेलं काढताना एकाला पाय लागला आणि तो कलंडला. रिकामा होता. सील जसंच्या तसं. उजेडाकडे धरला तर आत पांढरा थर.

ताडपत्री पुन्हा नीट टाकून आले. किल्ली आता माझ्या कमरेला असते.

१६ फेब्रुवारी

रात्रभर विचार करून एक तोडगा काढला. कोणाला कळू न देता दुसरा गाडीवाला बघायचा आणि कॅन चौथ्याला धाडून द्यायचे. माझ्या बांगड्या आहेत. रस्ता नसला तर तो माणसं लावून पोचवेल. म्हणजे चूकच उरणार नाही, आणि मग सांगायचंही काही उरणार नाही.

आज किती दिवसांनी जेवले.

१७ फेब्रुवारी

भर दुपारी गाडीवाला घेऊन कोठीत गेले. त्याने एकेका हातात दोन-दोन कॅन उचलले आणि माझ्याकडे बघितलं. बाई, रिकामे डबे पोचवायला बांगड्या देताय का, म्हणाला, आणि चौथ्याचा रस्ता ऐकून निघूनच गेला.

चौदाही. एकाचंही सील तुटलेलं नाही. जमीन कोरडी.

आता दुसरा मार्ग नाही, सांगण्याशिवाय.

१८ फेब्रुवारी

ठकी वर आली, माझ्या मांडीवर डोकं टेकून पडली, लहानपणी पडायची तशी. मी केसांतून हात फिरवला. बोटांना मीठ लागलं. कपाळ तापलेल्या तव्यासारखं. ती बोलत होती, परत आल्यावर दोघी कुठेतरी थंड ठिकाणी जाऊ असं काहीतरी, आणि मी तिचं तोंड बघत होते. जीभ काळी पडली होती. सुजून दातांत मावत नव्हती. त्या जिभेने ती हसत बोलत होती.

म्हणाली, मावशी, तुला काय होतंय. माझं ब्लडप्रेशर तपासलं. हात कागदासारखा कोरडा.

मी म्हटलं, ठकी, एक सांगायचं होतं. ती म्हणाली, सांग की. इतक्या प्रेमाने म्हणाली. आईच्या माघारी माझ्याकडे बघूनच सरळ चालायला शिकले, असं लोकांना सांगते ती.

मी म्हटलं, दुधाचा रतीब बंद करायचाय.

१९ फेब्रुवारी

चहाला पाचही जण तसेच. कातडी हाडांना चिकटलेली, पापण्या डोळ्यांवर मिटत नाहीत. आणि थट्टामस्करी चाललेली. आचाऱ्याने कप भरून दिला. त्याची नखं—

मी खालीच बघत राहिले. कप्तान म्हणाले, मावशींना आत्तापासूनच आमची आठवण यायला लागली.

मेले असते तर बरं झालं असतं. मी.

२० फेब्रुवारी

गेले. सहाला. ड्रायव्हर अजून गावीच, म्हणून गाडीवर नवा माणूस. गाडीत पाच जण, पाचांच्या खिशात माझं अक्षर. ठकीने काच खाली करून हात बाहेर काढला. मी धरला. सोडला.

गाडी वळेपर्यंत हसत होते मी. फाटकात उभी राहून. गाडी वळल्यावरही.

२२ फेब्रुवारी

ऑफिसात मी एकटी. रोज चारला वायरलेसवर बोलायचं, हेही माझंच काम. कप्तानांनी दोनदा शिकवलं होतं, बटण दाबा, बोला, सोडा. आवाज स्वच्छ येतो. दुसरं ठाणं सापडलं. ठकी म्हणाली, मावशी, तुझ्या यादीप्रमाणे कॅन अगदी बरोबर निघाले.

मी बटण दाबलं. जीभ टाळूला चिकटली. नुसता श्वास गेला असेल. पलीकडून आचारी ओरडला, मावशी, फुंकर मारा, इकडे फार उकडतंय.

नळ खोकतो. पाणी येत नाही.

२३ फेब्रुवारी

तिसऱ्याला पोचले. गाडी परत फिरली. उद्या दिवसभर सावलीत पडतील, चारला माझ्याशी बोलतील, आणि निघतील. दोन दिवसांचं पाणी.

उद्या चारपर्यंत सांगितलं तर निघणारच नाहीत. एवढं एकच वाक्य आहे. चौथ्याला पाणी नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं. म्हणता आलं.

२४ फेब्रुवारी, दुपार

साडेतीन. लिहीत बसलेय, चार वाजेपर्यंत.

भिंती तापल्यात. टेबल तापलंय. बाहेर माणसं स्वेटर घालून जाताहेत.

पावणेचार. खुर्च्या सरकल्या. वर बघत नाही. पाच. वास येतोय, गंधकाचा. मीठ गळतंय टेबलावर, वाळूसारखं, वहीच्या कडेपर्यंत—

रागावलेले नाहीत. तेच सहन होत नाही. रागवा, म्हटलं. दगडवाले सर म्हणाले, असू द्या हो मावशी, होतं असं. आचारी रिकामा कप पुढे सरकवतो. काठापर्यंत भरा म्हणत नाही. थोडंसं, म्हणतो.

ठकी शेजारी. तिच्याकडे नाही—

एक विचार आला. हे इथे येऊन बसलेत म्हणजे सगळं होऊन गेलं असणार. मग आता सांगून तरी काय. कोणाला कळायची गरजच नाही. किती हलकं वाटलं. शरम वाटते लिहायला, पण वाटलं. हलकं.

चार.

वायरलेस. ठकीचा आवाज. जिवंत. धडधाकट. हसतेय. मावशी, निघतोय आम्ही. ऐकतेस ना.

इथली ठकी माझ्याकडे बघतेय.

बटण टेबलाच्या त्या टोकाला. मधे पाच खुर्च्या. पाय मागे घेऊन वाट देताहेत मला, पाचही जण, बायकामाणसांना देतात तशी. उठायचं आहे. पलीकडून पुन्हा विचारतेय, मावशी, आहेस ना. पाठीवर पिशव्या चढवल्याचा आवाज. मावशी. कप्तान म्हणताहेत, झोपल्या असतील, चला. उठते. फक्त ही ओळ अर्धी राहायला नको, एवढी पूर्ण करते आणि लगेच