बाबांची हाडं

दादा,

तू मॉस्कोतून फोनवर म्हणतोस, "रशियन होते म्हणून वाचलात." इथे आर्मेनियातल्या निर्वासितांच्या छावणीत काका ओरडतात, "त्यांनीच विकलं आपल्याला!" रोज जेवताना हेच. वीट आलाय.

आपल्या काराबाखमध्ये अझरबैजानच्या तोफा सुरू झाल्या तेव्हा, आपल्या रक्षणाला ठेवलेल्या चौकीवरच्या रशियन सैनिकाचे मी पाय धरले, "त्यांना थांबवा" म्हटलं. तो म्हणाला, "ताई, हुकूम नाही." गाव सोडताना मी बाबांची कबर उकरायला घेतली. तोच आला, माझ्या हातातलं फावडं घेतलं, हाडं हलक्या हाताने चादरीत बांधून दिली. त्यासाठी मात्र हुकूम लागला नाही.

ल्यूदावहिनी रशियनच. तिच्यासमोर तू हे वाचणार, म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही.

बाबा अजून माझ्या खाटेखाली आहेत. ही इथली जमीन तरी आपली राहील याची हमी कोण देतो, ते तू आणि काका आधी ठरवा. मग मी त्यांना इथे पुरते.

तुझी,
शुशान