आजीच्या कबरीवरचं गवत

जंगसन,
१३ जुलै

प्रिय तेग्यू दादा,

तू, वहिनी आणि मुलं सुखरूप असाल. आम्ही इथे बरे आहोत. कोबीला यंदा कीड लागली आहे आणि यांची कंबर पुन्हा धरली आहे, त्यामुळे शेतात मी एकटीच. पुढच्या आठवड्यात चोबोक, कडक उन्हाळ्याचा पहिला दिवस. कोंबडीचं सूप करायला हवं, पण या उकाड्यात चुलीपाशी उभं राहायचा कंटाळा येतो.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू ‘हं, पटकन बोल’ म्हणतोस आणि मला पटकन बोलता येत नाही.

परवा तू म्हणालास की, येत्या अधिक महिन्यात आजी-आजोबांच्या कबरी उकरायच्या, अस्थी जाळायच्या आणि योंगिनच्या अस्थिगृहात न्यायच्या. अधिक महिन्यात भुतांचं लक्ष नसतं, कबर हलवली तरी बाधत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मी नुसतं ‘बघते’ म्हणाले. तू ते ‘हो’ धरलंस. दुसऱ्याच दिवशी खोदणाऱ्यांचा मला फोन: ‘ताई, गाडी वरपर्यंत जाईल ना?’

आणि कारण काय, तर जेचनचे काका डोंगराखालून जात होते आणि त्यांना कमरेएवढं गवत दिसलं. ‘तेग्यू, कबर बेवारशी दिसते रे,’ एवढं ते म्हणाले आणि तुझी झोप उडाली. गेल्या वर्षी तू गवत कापायला भाड्याची माणसं पाठवलीस, त्यांनी कापण्याआधीचा आणि नंतरचा फोटो पाठवला, तू तो सगळ्या नातेवाइकांना दाखवलास. यंदा ती माणसं अजून आली नाहीत, इतकंच.

त्यातलं निम्मं गवत आहे आणि निम्मी तोराजी, ती जांभळ्या फुलांची, मुळं खातात ती. तुला आठवत नसेल, तू तेव्हा सोल शहरात होतास. आजोबा गेल्यावर तिसऱ्या वर्षी आजीनं त्यांच्या कबरीच्या उंचवट्यावर तोराजीचं बी टाकलं. भावकीनं तोंडात बोटं घातली. हेच जेचनचे काका तणतणत आले होते.

‘काकू, नवऱ्याच्या डोक्यावर कुणी मळा लावतं का? लोक काय म्हणतील?’

आजी मुळं खरवडत बसली होती. म्हणाली, ‘चाळीस वर्षं मी त्यांना वाढलं. आता त्यांनी मला चार दिवस वाढलं तर तुझं काय बिघडलं?’

काका तणतणून झाल्यावर जेवायला बसले आणि त्याच तोराजीची कोशिंबीर दोनदा मागून घेतली. आजी नंतर कितीतरी दिवस हसत होती.

घरात ती फक्त झोपायला आणि भांडायला यायची, हे तूच म्हणायचास. एप्रिल उजाडला की पाठीला टोपली, कमरेला खुरपं, आणि आपण दोघं मागे. आई-बाबा गेल्यावर तिनं आपल्याला याच डोंगरावर वाढवलं. गोंद्रेच्या रानभाजीचा सगळा झुबका दिसला तरी सगळा खुडायचा नाही, मूळ हलवायचं नाही, खालच्या ओढ्याशी बसून भाकरीसारखी थापलेली भाताची मूद खायची आणि मगच घरी. पाऊस असला तर आणखी बरं, म्हणायची, वाटेत कुणी तोंडाळ भेटत नाही. नव्वदीच्या उंबरठ्यावर ती माझ्या पुढे चालायची आणि मी मागून ‘आजी, थांब ना’ म्हणायची. थांबायची नाही. वर पोचून मक्कोलीची, तांदळाच्या दारूची, बाटली उघडून बसलेली असायची.

ती अंगणात घसरून पडली त्या वर्षी तू तिला न्यायला आलास. माझं घर ओढ्यापलीकडे, हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर. मी म्हणाले, माझ्याकडे राहू दे. तू काय म्हणालास? ‘थोरला नातू जिवंत असताना नातीकडे राहिली तर लोक काय म्हणतील?’ यांच्यासमोर म्हणालास. हे उठून गोठ्यात गेले.

तिला सतराव्या मजल्यावर नेलंस. चांगली खोली दिलीस, मोठा टीव्ही दिलास, खालून तापणारी जमीन दिलीस. कशालाच कमी केलं नाहीस, हे मी कुणापुढेही सांगेन. तिला ते काहीच नको होतं. ती लिफ्टनं खाली जायची आणि इमारतींमधल्या हिरवळीत बसून खुरप्यानं रानभाजी खणायची. मग सोसायटीच्या भोंग्यावरून सूचना: ‘रहिवाशांनी बागेतील रोपं खणू नयेत.’ वहिनींचा मला फोन यायचा. ‘वन्सं, मला लिफ्टमध्ये तोंड दाखवायला जागा उरली नाही. लोकांना वाटतं आम्ही हिला जेवायला देत नाही.’ मी आजीला विचारलं तर म्हणाली, ‘कुत्री मुततात तिथे, मला माहीत आहे. धुऊन घेते ना.’

मग तो एप्रिल. तीन बस बदलून ती एकटी माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. चिखलानं भरलेली, एकदम खूश.

‘आधी पाणी दे. मग त्याला फोन कर, नाहीतर पोलीस बोलावेल.’

तू आधीच बोलावले होतेस. संध्याकाळी तू आलास. डोळे लाल झालेले, दिवसभर शोधत होतास, तेही खरं. पण गाडीत बसवताना तिच्यादेखत मला म्हणालास, ‘भ्रमिष्ट झालीय ती, मिरान.’ कुठली बस कुठे बदलायची आणि कुठल्या ड्रायव्हरनं उद्धटपणा केला, हे सगळं तिनं मला दुपारी सांगितलं होतं. मी तुला तेही सांगितलं. तू म्हणालास, अशा माणसांना जुनं आठवतं. बस त्याच सकाळची होती, दादा.

त्यानंतर ते वृद्धांचं रुग्णालय. खिडकी वीतभर उघडणारी. त्यातून ती हात बाहेर काढून पाऊस लागतो का बघायची.

अंत्यविधीला तुझ्या कंपनीकडून, शाळेच्या मित्रांकडून किती पुष्पचक्रं आली. दारापासून जिन्यापर्यंत रांग लागली. जेचनचे काका मोजत होते आणि म्हणत होते, नातू असावा तर असा. मी स्वयंपाकघरात पाहुण्यांचं सूप वाढत होते आणि मनात तुझा राग होता.

आता तुझ्या फोनमधल्या एका वाक्याकडे येते. त्याच्याभोवतीच मी इतका वेळ फिरते आहे. तू म्हणालास, ‘शेवटी तिनं माझं नाव घेतलं होतं, मिरान. तिचं काय करायचं ते मीच ठरवणार.’

शेवटच्या दिवशी तू रुग्णालयाच्या खाली गाडी लावायला गेला होतास. वर आलास तेव्हा संपलं होतं. तू विचारलंस, ‘काही म्हणाली?’ मी म्हणाले, तुझं नाव घेतलं. तू तिथेच जमिनीवर बसून रडलास, आणि ते पाहून मी पुढचं बोलले नाही. नंतर तू ते भावकीत सांगितलंस, दोन्ही वर्षश्राद्धांना सांगितलंस, वहिनींनीही डोळे पुसले. माझी हरकत नव्हती. तेवढ्यानं तुला झोप लागत असेल तर लागो, असं मी ठरवलं होतं. पण त्याच वाक्यावर तू आता तिला जमिनीतून काढायला निघाला आहेस.

तिनं तुझं नाव घेतलं, हे खरं. सगळं वाक्य असं होतं: ‘तेग्यूला सांग, माझे बूट दे.’

रुग्णालयात पहिल्याच दिवशी तू ते काढून घेतलेस आणि गाडीच्या डिकीत टाकलेस. नर्सला सांगितलंस, बूट नसले की कुठे जायची नाही. मी तिथेच उभी होते. ती पलंगावर बसून पायांकडे बघत होती.

तू म्हणतोस, तिथे काच आहे, वातानुकूलन आहे, अस्थिकलश नेमका डोळ्यांच्या उंचीवर ठेवतात, ऊन नाही, पाऊस नाही, गवत नाही. मी ऐकलं. दादा, तू तिची पुन्हा तीच सोय करतो आहेस.

काल मी सरपंचांकडे जाऊन आले. ते म्हणाले, ‘तू नको म्हणालीस तर इथला एकही माणूस त्या डोंगरावर फावडं उचलणार नाही. पण थोरल्या भावाशी वाकडं घेशील का?’ मी म्हणाले, घेतलं. खोदणाऱ्यांनाही कळवलं आहे की गाडी वर जात नाही आणि जाऊ देणार नाही. तू स्वतः माणसं घेऊन आलास तर मी कबरीवर बसलेली असेन, आणि मला उचलून बाजूला करावं लागेल. ते तू भावकीसमोर करशील असं मला वाटत नाही.

गवत कापणाऱ्यांनाही पाठवू नकोस. तोराजी फुलली आहे, आजोबांच्या कबरीवरून आजीच्या कबरीवरही पसरली आहे. खालून जाणारे म्हणतील, या म्हातारीला कुणी नव्हतं. म्हणू देत. शेवटची वर्षं तिला खरोखरच कुणी नव्हतं. मी रविवारी फळं घेऊन जायची, त्याला कुणी असणं म्हणत नाहीत.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. तुला काय लिहायचं ते बराच वेळ बसूनही सुचलं नाही.

मिरान